उलट्या बाजूचा आरएनए

९ जानेवारी

दादाच्या पेशी रुजल्या. त्याच्या दंडाचा मसुराएवढा तुकडा काढून आणला होता, तो इतके दिवस बशीच्या तळाला नुसता चिकटून बसला होता. आज सकाळी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तर त्याच्या कडेने लांबट, निमुळत्या पेशी बाहेर सरकताना दिसल्या. प्रयोगशाळेत कोणी नाही असं समजून मी टाळी वाजवली. मागे 'पण' उभा होता. या गृहस्थाचं खरं नाव हजेरीपुरतं आहे. प्रत्येक वाक्याची सुरुवात तो 'पण'ने करतो म्हणून सगळे त्याला पणच म्हणतात, आणि त्यावरही तो "पण मी कुठे म्हणतो?" असं विचारतो.

"पण फार सावकाश वाढतायत," तो वाकून बघत म्हणाला.

वाढणारच सावकाश. आजारी माणसाच्या आहेत.

तुलनेला निरोगी पेशी लागतात, म्हणून माझ्याही दंडाचा तुकडा काढला आहे. माझ्या पेशी नुसत्या उधळल्या आहेत, त्यांना बाटली पुरत नाही. एकाच आईबापांची आम्ही दोघं. दादाला बिघडलेल्या जनुकाच्या दोन्ही प्रती मिळाल्या, मला एकच. एक प्रत धड असली की माणसाला काही होत नाही. मी जिने चढते, धावत बस पकडते, आणि दादाला भिंत धरल्याशिवाय न्हाणीघरात जाता येत नाही. मला याचा संताप येतो. कोणावर काढायचा ते कळत नाही, म्हणून पणवर काढते.

१४ जानेवारी

रविवार, दादाकडे. त्याच्या घराच्या पुढच्या खोलीत शिवणाचं दुकान आहे. कात्री आता वहिनी चालवते. दादा खुर्चीत बसून कुठे कापायचं ते सांगतो. खडूची रेघ मारायला जावं तर हात भलतीकडेच जातो. बोलणंही जड झालंय, शब्द एकमेकांवर घसरतात. नवीन गिऱ्हाइकाला वाटतं, हा सकाळीच पिऊन बसलाय. दादाही मग मुद्दाम डोलून दाखवतो. वहिनीला ते मुळीच आवडत नाही.

"चिंगे, माझ्या कातड्याचं काय केलंस? पाकीट शिवलंस?"

मी पुन्हा एकदा सगळं समजावून सांगितलं. तुझ्या जनुकातला मजकूर शाबूत आहे. फक्त सुरुवातीच्या भागात तीच ती अक्षरं शेकडो वेळा आलीत, त्यामुळे ते गप्प बसलंय. जनुक वाचायला जिथून सुरुवात होते त्या जागेला प्रमोटर म्हणतात. त्याच जागेजवळ, डीएनएच्या उलट्या बाजूवरून, एक आरएनए तयार होतो. त्यातून प्रथिन बनत नाही, म्हणून पूर्वी असल्या आरएनएला सरसकट कचरा म्हणायचे. पण तो तिथे ठाण मांडून बसतो आणि जनुकाला उघडू देत नाही, असं असावं. त्याला बरोबर जुळेल असा छोटा तुकडा बनवून पेशीत सोडला की तो आरएनए कातरला जातो. मग जनुक बोलू लागेल, कदाचित.

दादाने समोरचं कापड उलटं करून पाहिलं. "आतल्या बाजूचा दोरा ओढला गेला की वरून चुण्या पडतात. तसंच ना?"

"जवळपास तसंच."

"मग काप की दोरा. एवढं शिकलीस कशाला?"

वहिनीने हातातलं काम न थांबवता विचारलं, "वन्सं, किती दिवसांत मिळेल हे औषध?" ती मला चिडवायलाच वन्सं म्हणते. आज मात्र चिडवल्यासारखं वाटलं नाही. मी म्हटलं, अजून सगळं बशीत आहे.

दादाचे पाय सुजलेत, चपला होत नाहीत. दिवसभर लोंबकळत ठेवले की होणारच. पायांखाली पाट घ्यायला सांगून आले.

६ फेब्रुवारी

आजपासून सुरुवात. दादाच्या पेशींच्या दोन बाटल्या केल्या. एकीत आपला कातरणारा तुकडा, दुसरीत काही नाही. माझ्या पेशींची तिसरी, निरोगी माणसात हे जनुक किती चालतं ते कळावं म्हणून.

आमच्या बाई, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख, दारातून डोकावल्या. बाईंचा एक नियम आहे. इथे कोणीही कुठलंही वाक्य कदाचितशिवाय बोलायचं नाही. चहा गार झाला असेल तरी कदाचित गार झालाय म्हणायचं. नव्या मुलींना वाटतं बाई गंमत करतात. बाई गंमत करत नाहीत.

"तुझा भाऊ आहे म्हणून दोनदा कदाचित म्हणत जा," त्या मला म्हणाल्या आणि गेल्या.

२२ फेब्रुवारी

धावपळ. दादाने अखेर चाकाची खुर्ची घ्यायचं कबूल केलं आणि ती आजच येणार होती. वर्षभर वहिनी त्याच्या मागे लागली होती. पोचायला उशीर नको म्हणून पेशींचं खाणं बदलायचं काम एका बैठकीत उरकलं. खरं म्हणजे एका माणसाच्या पेशी आटोपायच्या, जागा पुसायची, खाण्याच्या द्रवाची बाटली बदलायची आणि मगच दुसऱ्याच्या घ्यायच्या. शेजारीच पण बसला होता, त्याच्या भुवया वर गेल्या. म्हटलं, दोघं भाऊबहीणच आहेत, एका ताटात जेवले तरी चालेल. स्वतःच्या विनोदावर मीच हसले.

खुर्ची छान आहे. दादा तिच्यात बसला, दुकानभर एक फेरी मारली, गिऱ्हाइकाच्या ब्लाउजवरून चाक गेलं, वहिनीने कपाळाला हात लावला. मग कापायच्या टेबलापाशी येऊन थांबला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला तर म्हणाला, "कापडाच्या टेबलाला आता हनुवटीच टेकते, चिंगे." मी म्हटलं, टेबलाचे पाय कापून घेऊ.

रात्री तीन उशा घेऊन बसल्यासारखाच झोपतो म्हणे, आडवं झालं की खोकला येतो. घरात कापडाचा तंतू फार उडतो. मी वहिनीला खिडकी उघडी ठेवायला सांगितली. हृदयाची तपासणी मागच्या वर्षी झाली होती, तेव्हा 'ठीक' होतं.

१५ मार्च

वाढलंय. थोडंसंच, पण वाढलंय! औषधाच्या बाटलीत दादाचं जनुक साध्या बाटलीपेक्षा जास्त बोलतंय. मी मोजणी पुन्हा केली, तेच. बाईंना दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, लावला. "कदाचित," म्हणाल्या. त्यांचा आवाज मात्र नेहमीचा नव्हता.

कोणालाही काही सांगायचं नाही असं ठरवलं आहे.

२ एप्रिल

आज आणखी वर. माझ्या पेशींच्या जवळपास बरोबरीला. बिघडलेली एकच प्रत घेऊन फिरणारी माझ्यासारखी माणसं ठणठणीत असतात, म्हणजे दादाला एवढं पुरे आहे. मी आकडा पाहिला आणि खुर्चीतून उठून उगाच सगळ्या कपाटांची दारं लावत फिरले.

आणि मग फोन केला. करायचा नव्हता, केला.

"दादा, चाललंय. जनुक उघडतंय तुझं."

पलीकडून बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत राहिला. जोरजोरात, जिना चढून आल्यासारखा. आनंदाने माणसाला इतकी धाप लागते हे मला माहीत नव्हतं. मग त्याने मला पुन्हा सांगायला लावलं. मी पुन्हा सांगितलं.

फोन ठेवल्यावर लक्षात आलं, दोन्ही वेळा मी कदाचित म्हटलं नाही. उद्या सांगेन.

९ एप्रिल

वहिनीचा फोन. दादाने चाकाची खुर्ची परत पाठवली. ज्याच्याकडून आणली त्यालाच बोलावून घेतलं आणि म्हणाला, गरजवंताला दे. "वन्सं, काय जादू केलीत?" वहिनी हसत होती, नाक ओढत होती. मागून दादा ओरडला, "तिला सांग, टेबल उंच आहे तसंच राहू दे म्हणावं!" मला त्याचं वाक्य नीट कळलं नाही, वहिनीने सांगितल्यावर कळलं. फोनवर त्याचं बोलणं हल्ली फारच तुटक ऐकू येतं, आमच्या इमारतीत रेंज नाही.

माझ्या तोंडावर आलं होतं की अजून कदाचित आहे. वहिनीचा आवाज ऐकून गिळून टाकलं. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदा अशी हसली असेल, तिचं हसणं मी का मोडू?

२० एप्रिल

औषधाच्या बाटलीतल्या पेशी आता भराभर वाढतायत. जानेवारीत कशा मरगळलेल्या होत्या! आता दर खेपेला बाटली भरून जाते, वाटून निम्म्याहून जास्त फेकून द्याव्या लागतात. दादाच्या पेशी अगदी माझ्यासारख्या दिसायला लागल्यात. मी हे पणला कौतुकाने दाखवलं.

"पण तू औषधाच्या तीन बशा मोजतेस, त्या तिन्ही एकाच बाटलीतून काढलेल्या आहेत ना?"

"मग?"

"पण मग ती एकच मोजणी झाली की. तीनदा लिहिलेली."

या माणसाच्या घरी कोणी वाढदिवस तरी साजरा करत असेल का? बाई मात्र त्याच्याशी सहमत झाल्या. म्हणाल्या, पेशीतल्या सगळ्या आरएनएंची यादी करून घेऊ, आपल्या तुकड्याने आणखी काय काय हललंय ते दिसेल. नमुने पाठवून दिले. मला चिंता नाही.

२८ एप्रिल

दादा पडला. कापडाच्या टेबलापाशी उभं राहून कोट कापायला गेला. वहिनी बाजारात होती. परत आली तेव्हा तो जमिनीवर पडला होता आणि कात्री टेबलावरच होती, एवढं नशीब. खुब्याचं हाड मोडलं आहे.

इस्पितळात त्याने मला पाहून डोळा मारला. वेदनेने घाम फुटला होता तरी. "अर्धी बाही नीट आली," म्हणाला. इतक्या वर्षांनी उभं राहून कापलं त्याने! मला पडल्याचं वाईट वाटलं आणि त्याच वेळी अभिमानही वाटला.

डॉक्टर म्हणाले, शस्त्रक्रिया करता येणार नाही, भूल सोसणार नाही. हृदय फार मोठं झालंय, ढिलं झालंय. पायांची सूज, धाप, खोकला, उशा, हे सगळं कधीपासून आहे, घरच्यांच्या लक्षात आलं नाही का? मी म्हटलं, बसून सूज आली असं वाटलं. त्यांनी माझ्याकडे पाहून विचारलं, तुम्ही काय करता? मी सांगितलं. ते कागद चाळू लागले.

मी त्यांना म्हटलं, आम्हाला फक्त थोडा वेळ हवाय, औषधाचं काम चालू आहे. ते म्हणाले, बरं.

६ मे

यादी आली. मी आधी आपलं जनुक शोधलं. वर आहे, छान वर आहे. ते पाहून मी पणला हाक मारली, मीच. त्याने बोट फिरवत यादी वाचायला सुरुवात केली आणि एका ओळीशी थांबला.

"पण," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याला पुढे बोलावंसं वाटत नव्हतं. "पण तुझा भाऊ पुरुष आहे ना?"

असा एक आरएनए आहे. त्यातूनही प्रथिन बनत नाही. स्त्रीच्या पेशीत दोन एक्स गुणसूत्रं असतात, त्यातल्या एकाला तो पांघरूण घालून गप्प करतो. पुरुषाला एकच एक्स, म्हणून पुरुषाच्या पेशीत त्याचं काम नसतं आणि तो नसतो. हे आमच्याकडे पहिल्या वर्षाच्या मुलींनाही येतं. दादाच्या औषधाच्या बाटलीत तो आरएनए धो धो वाहत होता.

मला समजायला वेळ लागला नाही. समजून घ्यायला लागला. त्या बाटलीत मी होते. द्रवाच्या सामायिक बाटलीतून माझ्या चार पेशी तिकडे गेल्या असतील. त्या भराभर वाढणाऱ्या, त्याच्या सावकाश. दर खेपेला मी वाटून फेकत गेले, आणि दर खेपेला त्याचा वाटा कमी होत गेला. जनुक उघडत नव्हतं. दादा कमी होत होता आणि मी वाढत होते, आणि ते पाहून मी कपाटांची दारं लावत फिरले होते.

पणने मला पाणी आणून दिलं. एक शब्द बोलला नाही. तो बोलला असता तर बरं झालं असतं.

८ मे

बाईंनी फेब्रुवारीत, प्रयोगाच्या पहिल्या आठवड्यात गोठवून ठेवलेले नमुने काढायला लावले. तेव्हा बाटलीत फक्त दादाच होता. मी स्वतः मोजले. नियम पाळून, एकेक करून.

उलट्या बाजूचा आरएनए कातरला गेला होता. जवळजवळ सगळा. आणि जनुक जागचं हललं नव्हतं.

म्हणजे तो तिथे ठाण मांडून बसतो हे खरं असेल, पण त्याला उठवल्याने काही उघडत नाही. कदाचित जनुक आधी गप्प होतं आणि तो नंतर येऊन बसतो. कदाचित दुसऱ्या कुठल्या जनुकात असा आरएनए काही करत असेल. बाई म्हणाल्या, हेही एक उत्तर आहे, नोंदवून ठेव. कोणासाठी उत्तर आहे ते मी विचारलं नाही. पुन्हा नवा तुकडा बनवायचा, नवी जागा शोधायची, म्हणजे वर्षं जातील. मी सगळं धुऊन ठेवलं आणि बेसिनपाशी उभी राहून रडले. नळ सोडून ठेवला होता, तरी सगळ्यांना कळलं असेल.

१२ मे

वहिनीला सांगितलं, इस्पितळाच्या बाहेरच्या बाकावर. चूक माझी हेही सांगितलं. तिला पेशी, बाटल्या काही विचारायचं नव्हतं. तिने एवढंच विचारलं, "म्हणजे नाहीच?"

"नाही."

"आणि होतं असं तू म्हणालीस तेव्हाही नव्हतं?"

"नव्हतं."

तिने पदराने तोंड नाही पुसलं, हात मांडीवर तसेच ठेवून बसली. मग म्हणाली, "चिंगी, तू काहीच बोलली नसतीस ना, तर तो खुर्चीत बसला असता. कुरकुरत बसला असता, पण बसला असता." आज ती मला वन्सं म्हणाली नाही. मी म्हटलं, मी आजच दादाला सांगते. तिने माझं मनगट धरलं. शिवणकाम करणाऱ्या बाईची पकड. "खबरदार. त्याच्याकडे तेवढंच आहे."

मी आत गेले. दादाने भुवया उडवून विचारलं, काय म्हणते बशी? मी म्हटलं, मजेत आहे. यापेक्षा घाणेरडं वाक्य मी आयुष्यात बोलले नसेन.

१६ मे

बाईंशी बोलले. त्या म्हणाल्या, सांगायचं की नाही हे मला विचारू नकोस, मला फक्त पेशींचं कळतं. मग थोड्या वेळाने परत येऊन म्हणाल्या, मी असते तर सांगितलं असतं. ज्याचं शरीर आहे त्याला ठाऊक असावं.

मलाही तसंच वाटतं. तो खोट्यावर विसंबून पडून राहिलाय, आणि खोटं माझं आहे. वहिनीला म्हटलं, मला सांगू दे, नाहीतर मला त्याच्याकडे बघता येणार नाही. ती भांडली नाही. "तुला बघता यावं म्हणून सांगणार का?" एवढंच म्हणाली. नंतर म्हणाली, शनिवारी ये, मी बाहेर बसेन.

१९ मे

गेले. वहिनी ठरल्याप्रमाणे उठून बाहेर गेली आणि दार ओढून घेतलं.

दादा उशांना टेकून बसला होता. नाकाला नळी. हात पांघरुणावर, खूप बारीक झालेत. पायांकडे बघवत नाही. मी वाटेत वाक्यं जुळवत आले होते. पहिलं वाक्य 'दादा, माझं चुकलं' असं होतं. मी खुर्ची पुढे ओढली आणि त्याचा हात हातात घेतला.

मी तोंड उघडायच्या आत तोच बोलला.

मला कळलं नाही. लांब वाक्य होतं, शेवटी आवाज वर गेला, म्हणजे काहीतरी विचारत होता. मी म्हटलं, "काय रे?" त्याने श्वास घेतला आणि पुन्हा म्हटलं. पहिल्यापेक्षा सावकाश. शब्द सगळे एकात एक अडकलेले. मी कान त्याच्या तोंडाशी नेला. तिसऱ्यांदा त्याने डोळे मिटून, जोर करून, तुकड्या तुकड्याने म्हटलं, आणि त्याला खोकला आला. ओठ निळे झाले. मी पाठ चोळली. वहिनीला हाक मारावी असं वाटलं, तिला बहुधा कळलं असतं. पण तो माझ्याकडेच बघत होता. त्याला ते मलाच विचारायचं होतं आणि चौथ्यांदा विचारायची ताकद त्याच्यात नव्हती.

मी म्हटलं, "हो."

त्याने डोळे बारीक करून माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, लहानपणी मी खोटं बोलतेय का ते ताडायला पाहायचा तसं. मी पुन्हा म्हटलं, "हो रे दादा, हो." मग त्याचे खांदे खाली आले. हात माझ्या हातात सैल पडला आणि तो झोपला. इतक्या दिवसांत तो पहिल्यांदाच न खोकता झोपला, असं नर्स म्हणाली.

बाहेर आले तर वहिनी उभीच होती. "सांगितलंस?"

"नाही."

"मग? काय म्हणाला तो?"

मी म्हटलं, विशेष काही नाही.